ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाक्या: पहिल्या सहलीला निघण्याआधी

सासूबाई पहिल्यांदा आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरात, राहिल्या, तेव्हा सकाळी बाथरूममधून बाहेर येत त्यांनी एकच विचारलं, "अगं, हे सगळं जातं कुठे?" ट्रेलर घेताना विक्रेत्याने आम्हाला दीड तास फिरून सगळं दाखवलं होतं. ऑनिंग, गॅस, फ्रिज, पलंगाखालचे कप्पे. सासूबाईंच्या प्रश्नाला त्यात दोन मिनिटं मिळाली होती: "हा दांडा ओढा, संपलं की तो ओढा." बाकीचं आम्ही मिशिगनच्या कॅम्पग्राउंडांवर रबरी हातमोजे घालून स्वतःच शिकलो. तुम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात नवा-जुना ट्रेलर घेतला असेल, नाहीतर आठवडाभरासाठी भाड्याने घेणार असाल, तर हे आधी वाचून ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण आपल्या लोकांची गफलत नेमकी तिथेच होते. सकाळी दोन तास नळाला पाणी येणाऱ्या घरांत आपण वाढलो. पाणी वाया घालवायला हात धजत नाही. ट्रेलरमध्ये ही सवय निम्मीच उपयोगाची आहे. मोरीत काटकसर करा, संडासात सढळ हाताने ओता. आम्ही पहिल्या वर्षी बरोब्बर उलटं केलं.

१. आधी ट्रेलरखाली वाकून बघा

टाक्या तीन. एक पिण्या-वापरण्याच्या स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे टाकी, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी. तिसरी ब्लॅक टाकी, तिच्यात फक्त संडासाचं. आमच्या ट्रेलरच्या ग्रे आणि ब्लॅक टाक्या प्रत्येकी ३० गॅलनच्या आहेत, म्हणजे साधारण ११४ लिटर, आपल्या सहा-सात बादल्या. तुमचा आकडा मालकासाठीच्या पुस्तिकेत मिळेल. काही ट्रेलरना दोन ग्रे टाक्या असतात, स्वयंपाकघराची वेगळी आणि शॉवरची वेगळी. मग दांडेही तीन असतात, आणि तिसरा भलत्याच ठिकाणी लपलेला असतो.

ट्रेलरच्या डाव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, ३ इंची तोंडाचा पाईप दिसेल. त्यावर झाकण असतं. जवळच टी-आकाराच्या मुठी असतात, विक्रेत्याने सांगितलेले दांडे ते हेच. त्या ओढल्या की आतली पातळ पाती सरकते आणि टाकी उघडते. ब्लॅकचा व्हॉल्व्ह ३ इंचाचा, ग्रेचा बहुतेक वेळा दीड इंचाचा, पण दोन्ही टाक्यांचं पाणी शेवटी त्याच एका तोंडातून बाहेर पडतं. हे लक्षात ठेवा, पुढे रिकामं करण्याचा क्रम यावरूनच ठरतो.

भाड्याचा ट्रेलर असेल तर ताब्यात घेताना मालकासमोर झाकण उघडून बघा. व्हॉल्व्ह बंद असताना धार लागली तर आधीच्या माणसाने टाकी रिकामी केलेली नाही आणि वर व्हॉल्व्हही गळतो आहे. तिथेच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

२. सोबत काय काय हवं

- सांडपाण्याची जाड नळी, शक्यतो १५ ते २० फूट, दोन तुकड्यांत. इथेच पैसे वाचवू नका. स्वस्त पातळ नळीला दुसऱ्या मोसमात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि ती कधी दिसतात हे तुम्हीच ओळखा.
- नळीच्या टोकाला लावायचा पारदर्शक कोपरा, म्हणजे काटकोनात वाकलेला जोड. आतून काय जातंय हे दिसलं तरच टाकी धुतली गेली की नाही ते कळतं.
- टाकून देता येतील असे हातमोजे, पूर्ण डबा.
- नळी धुवायला वेगळा बागेचा पाईप, वेगळ्या रंगाचा. पिण्याच्या पाण्याचा पांढरा किंवा निळा पाईप असतो, त्याच्याशी याची गाठ पडता कामा नये. दोघांचे कप्पेही वेगळे.
- छोटं तसराळं किंवा जुना टब, झाकणाखाली धरायला.
- टाकीचं औषध, हातांना लावायचं सॅनिटायझर, थोडे सुटे डॉलर आणि नाणी.
- गटाराची जोडणी असलेल्या जागी मुक्काम असेल तर नळीखाली ठेवायचा घडीचा आधार. त्याच्यामुळे नळीला उतार मिळतो, मध्ये पाणी साचत नाही.

३. संडासात काय जाऊ द्यायचं

तीनच गोष्टी: शरीरातून येतं ते, पाणी आणि लगेच विरघळणारा कागद. ओले वाइप्स नाहीत, पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलेलं असलं तरी नाहीत. सॅनिटरी पॅड, कापूस, केस, उरलेली आमटी, काहीच नाही.

कागदाची परीक्षा घरीच घ्या. झाकणाच्या बरणीत पाणी घालून कागदाचे दोन चौकोन टाका आणि दहा-बारा वेळा हलवा. लगदा झाला तर चालेल. तुकडे तसेच फिरत राहिले तर तो कागद घरीच वापरा. 'आरव्ही'साठी (इथे अशा फिरत्या घरांना आरव्ही म्हणतात) म्हणून मिळणारा महागडा कागदच हवा असं नाही. सेप्टिक टाकीला चालणारे साधे रोल आमच्या बरणीत व्यवस्थित विरघळले.

आणि इथे आपली पद्धत चक्क फायद्याची आहे. तांब्या किंवा छोटा हँडशॉवर वापरलात तर कागद जवळपास लागत नाही आणि पाणी भरपूर जातं. टाकीला हेच हवं असतं. ती थोडी लवकर भरेल, भरू द्या. सासूबाई राहून गेल्या त्या आठवड्यात आमची ब्लॅक टाकी जेवढी स्वच्छ निघाली तेवढी नंतर कधी निघाली नाही.

४. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह बंद म्हणजे बंद

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्हाला पहिल्यांदा पूर्ण हुकअप असलेली जागा मिळाली. वीज, पाणी आणि जमिनीत गटाराचं तोंड. नऊ दिवस मुक्काम होता. मला वाटलं, घरासारखंच आहे की! नळी जोडली, दोन्ही दांडे ओढले आणि उघडेच ठेवले. नऊ दिवस टाक्यांचा विचारसुद्धा केला नाही. शेवटच्या सकाळी बघते तर टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पॅनेलवर ब्लॅक टाकी पूर्ण भरल्याचा दिवा. पारदर्शक कोपऱ्यातून मात्र फिकट पिवळं पाणी पेलाभर आलं आणि थांबलं.

झालं होतं असं: व्हॉल्व्ह उघडा असल्यामुळे पातळ होतं ते रोजच्या रोज वाहून गेलं आणि घट्ट तिथेच, संडासाच्या बरोबर खाली, थरावर थर बसत राहिलं. इथले जुनेजाणते लोक याला पिरॅमिड म्हणतात. संडासाचं पेडल दाबून (ते दाबलं की भांड्याचा तळ टाकीत उघडतो) टॉर्च मारला तेव्हा नाव सार्थ आहे हे पटलं.

उपाय एकच, पाणी. दांडा बंद केला, संडासातून बादल्या ओतून टाकी तीन-चतुर्थांश भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. मुक्काम एक दिवस वाढवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या भरल्या टाकीनिशी खडबडीत रस्त्याने तासभर गाडी हाकली, आत पाणी घुसळू दिलं आणि वाटेतल्या डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, टाकी रिकामी केली. असं तीनदा केल्यावर कुठे तळ दिसला. काठीने ढोसायचा मोह आम्हीही आवरला आणि तुम्हीही आवरा. टाकी प्लास्टिकची असते आणि पातळी मोजणारे सेन्सर तिच्या भिंतीतच बसवलेले असतात.

म्हणून हुकअप असो वा नसो, ब्लॅकचा दांडा बंद ठेवायचा. टाकी निदान दोन-तृतीयांश भरली की एकदम उघडायची. एवढं पाणी एका दमात सुटलं तरच ते घट्ट ओढून नेतं. जायची वेळ झाली आणि टाकी अर्धीच असेल तर संडासातून पाणी ओतून भरा. दर वेळी घट्ट काही असेल तेव्हा आधी भांड्यात पाणी घ्या, मग बसा, मग पेडल चार-पाच सेकंद दाबून धरा.

चौघांच्या कुटुंबाला आमची ३० गॅलनची टाकी चार-पाच दिवस पुरते.

५. ग्रे टाकी: इथे मात्र जुनी सवय बाहेर काढा

हिशेब सोपा आहे. शॉवरमधून मिनिटाला २ गॅलन पाणी पडत असेल तर ३० गॅलनची टाकी पंधरा मिनिटांत भरते. चौघांची मिळून पंधरा मिनिटं! इथल्या लोकांना अंग ओलं करून शॉवर बंद करायचा, साबण लावायचा, पुन्हा चालू करायचा हे खास शिकवावं लागतं. आपण आयुष्यभर एका बादलीत आंघोळ केली आहे, आपल्याला कसला प्रश्न. मुलांना मात्र तो बादलीचा धडा द्यावा लागला, कारण ती इथे वाढली.

ग्रे टाकी भरली की दिवा लागायच्या आधी शॉवरच्या तळात पाणी दिसतं, कारण सगळ्यांत खाली असलेली मोरी तीच. भांडी धुताना शॉवरमध्ये डाळीचं पिवळं पाणी वर आलं तर घाबरू नका, नळ बंद करा.

आपल्या स्वयंपाकाच्या बाबतीत थोडं जास्त सांगावं लागेल. फोडणीचं तेल, पीठ, भाताची शितं, चहाचा चोथा हे टाकीत कुजतं. माझा अनुभव असा की उन्हाळ्यात ग्रे टाकीचा वास ब्लॅकपेक्षा वाईट येतो. ताटं आणि कढई धुण्याआधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा. चहा गाळल्यावर गाळणी तिथेच आपटायची सवय मला मोडायला एक अख्खा उन्हाळा लागला.

हुकअप असेल तर ग्रेचा व्हॉल्व्ह मुक्कामात उघडा ठेवता येतो, पण निघायच्या आदल्या दिवशी बंद करा. ब्लॅक टाकी रिकामी केल्यावर नळी धुवायला हेच साबणाचं पाणी लागणार आहे.

६. डंप स्टेशनवर: क्रम चुकवू नका

मिशिगनच्या बहुतेक स्टेट पार्कांत जागेवर वीज मिळते, गटाराची जोडणी मिळत नाही. बाहेर पडण्याच्या वाटेवर सॅनिटेशन स्टेशन, म्हणजे डंप स्टेशनच, असतं. रविवारी सकाळी तिथे दहा-बारा गाड्यांची रांग ठरलेली. मागचा माणूस बघतो आहे म्हणून घाई करू नका, पण रांगेत उभं असतानाच मोजे, पाईप, टब हाताशी काढून ठेवा. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पहाटे उरका.

अ) ट्रेलरचं डावं अंग गटाराच्या तोंडाकडे करून थांबा. तोंड ट्रेलरच्या पाईपपेक्षा थोडं पुढे-मागे असलं तरी चालतं, पण नळी ताणली जाता कामा नये.

आ) मोजे घाला. दोन्ही दांडे आत ढकललेले आहेत ना, हात लावून पाहा. टब खाली धरून झाकण हळूच फिरवा. दोन-चार चमचे पाणी येतंच.

इ) नळीचं जमिनीकडचं टोक आधी बसवा. कोपरा गटारात घट्ट घाला आणि वर वीट किंवा दगड ठेवा. पाण्याच्या जोराने कोपरा उसळून बाहेर आला की काय होतं ते मी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलं आहे, त्याचे बूट पांढरे होते. मग दुसरं टोक ट्रेलरला लावा. त्याला दोन खाचा असतात, पाव वळसा दिला की अडकतं. एकदा ओढून बघा.

ई) ब्लॅकचा दांडा एका झटक्यात पूर्ण ओढा. हळूहळू ओढलात तर पाती अर्ध्यावर असताना कागद अडकतो. कोपऱ्यात आधी गडद दिसेल, मग गढूळ, मग आवाज बारीक होत जाईल. थांबलं असं वाटलं तरी अर्धा मिनिट थांबा, बऱ्याचदा एक शेवटचा लोंढा येतो.

उ) आता टाकी धुवायची. ट्रेलरला 'ब्लॅक टँक फ्लश' असं लिहिलेली वेगळी तोटी असेल तर धुण्याचा पाईप तिथे जोडा. दांडा उघडा ठेवूनच पाणी सोडा आणि कोपऱ्यात नितळ दिसेपर्यंत चालू ठेवा. काही जण दांडा बंद करून टाकी भरतात आणि मग सोडतात. त्याने धुणं चांगलं होतं, पण तेवढ्यात शेजाऱ्याशी गप्पा मारायला गेलात तर टाकी भरून पाणी संडासातून वर येतं, नाहीतर छतावरच्या वाफेच्या नळीतून बाहेर पडतं. ही पद्धत वापरायचीच असेल तर ५ गॅलनची बादली भरायला किती वेळ लागतो ते आधी मोजा आणि फोनवर गजर लावून तिथेच उभे राहा. फ्लशची तोटी नसेल तर संडासातून दोन बादल्या ओता, काम होतं.

ऊ) ब्लॅक बंद. मग ग्रे उघडा. साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. क्रम उलटा केलात तर घाण नळी तशीच घेऊन घरी जाल.

ए) ग्रेही बंद. नळी ट्रेलरकडून सोडवा आणि ते टोक उंच धरत गटाराकडे चालत जा, म्हणजे आतलं पाणी उतरेल. पाईपने आतून धुवा. मग कोपरा काढा. जमिनीवर काही सांडलं असेल तर धुवा, गटाराचं झाकण लावा, ट्रेलरचंही.

डंप स्टेशनवर बहुधा 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असलेला नळ असतो. त्याच्यातून स्वच्छ टाकी भरू नका. पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून दूर वेगळा असतो. तिथे नळी धुणारा माणूस मी पाहिला आहे. तेव्हापासून पिण्याच्या नळाची तोटीही मी आधी पुसून घेते.

ऐ) निघण्याआधी संडासातून २-३ गॅलन पाणी आणि औषधाचं एक माप ब्लॅक टाकीत घाला. कोरड्या तळावर पहिलं जे पडेल ते चिकटून बसतं.

औषधात दोन प्रकार असतात. फॉर्मल्डिहाइडवाली रसायनं वास मारतात, पण सोबत जिवाणूही मारतात. सेप्टिक टाकीवर चालणाऱ्या कॅम्पग्राउंडला त्यामुळे त्रास होतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना बंदी असल्याची पाटी असते. जिवाणू किंवा एन्झाइमवाली औषधं निवडा. ती पाण्याशिवाय काम करत नाहीत. ब्लीच ओतून त्यांना ठार करू नका.

७. पॅनेलवरच्या दिव्यांवर किती विश्वास ठेवायचा

फार नाही. टाकीच्या भिंतीत एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि पूर्ण अशा उंचीवर धातूचे खिळे असतात. पाणी टेकलं की दिवा लागतो. त्यावर कागदाचा तुकडा किंवा तेलाचा थर बसला की टाकी रिकामी असूनही दिवा लागलेलाच राहतो. धुण्यात पाणी भरपूर वापरलंत तर बऱ्याच वेळा आपोआप सुटतं. नाही सुटलं तर दिवस मोजा, पेडल दाबून टॉर्च मारा. आम्ही गेली दोन वर्षं फ्रिजवर पेन्सिलने तारीख लिहितो आणि तेच पॅनेल समजतो.

८. वास आला तर

आधी संडासाच्या भांड्यात पाणी टिकतंय का बघा. तळाशी इंचभर पाणी साचून राहायला हवं, तेच टाकी आणि तुमच्यामधलं दार. पाणी झिरपत असेल तर रबरी वायसर कोरडा पडला आहे किंवा त्यावर काहीतरी अडकलं आहे. पुसून सिलिकॉन ग्रीस लावा.

दुसरं, छतातला पंखा चालू ठेवून पेडल दाबू नका. पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला टाकीतली हवा वर येते. वास घालवायला पंखा लावावा आणि वास आणखी वाढावा, असं का होतं हे कळायला मला वर्ष लागलं.

तिसरं, सिंकखालची यू-आकाराची नळी. ट्रेलर महिनाभर उभा राहिला की तिच्यातलं पाणी वाळतं. पेलाभर पाणी ओतलं की झालं.

९. कुठे रिकामं करायचं

जाण्याआधी ठरवा, टाकी भरल्यावर नाही. मोठी नॅशनल पार्कं ऐन वेळी दगा देतात. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत हुकअप नाहीत. दरीत अपर पाइन्सजवळ डंप स्टेशन आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजमध्ये पूर्ण हुकअप मिळतात, मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये फक्त डंप स्टेशन. यलोस्टोनमध्ये गटाराची जोडणी हवी असेल तर फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क, बाकी ठिकाणी टाकीवरच राहायचं. वाटेत हायवेवरच्या काही ट्रक स्टॉपवर पैसे देऊन रिकामं करता येतं, आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत काही रेस्ट एरियांतही सोय असते.

पाणी जमिनीवर सोडणं, मग ते ग्रेचं का असेना, नॅशनल पार्कांत नियमाविरुद्ध आहे. रात्री दांडा थोडासा उघडा ठेवून गाडी चालवणारे महाभागही भेटतील. त्यांच्या मागे गाडी लावू नका.

भरलेल्या टाक्या घेऊन लांब जाऊही नका. ३० गॅलन पाण्याचं वजन २५० पाउंड होतं, म्हणजे ११३ किलो. दोन टाक्या भरल्या तर तुम्ही तीन माणसं जास्त ओढत असता, आणि टाकी ट्रेलरच्या चाकांमागे असेल तर हुकवरचा भार कमी होऊन ट्रेलर डुलायला लागतो.

१०. थंडी पडायच्या आत

मिशिगनमध्ये आम्ही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे उरकतो. शेवटच्या सहलीवरून येताना दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा. घरी आल्यावर प्रत्येक यू-नळीत कपभर, संडासाच्या भांड्यात थोडं आणि दोन्ही टाक्यांत निदान लिटरभर गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ ओता, म्हणजे व्हॉल्व्हच्या पात्यांपाशी राहिलेलं पाणी गोठून त्या फुटणार नाहीत. हे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या इंजिनात घालतात ते हिरवं इथे चुकूनही वापरू नका, ते विषारी आहे.

पंप लावून नळांमध्येही गुलाबी द्रव भरला असेल तर एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाणी सोडल्यावर प्रत्येक नळातून तेच येईल. नितळ होईपर्यंत नळ चालू ठेवावे लागतात आणि ते सगळं पाणी ग्रे टाकीत जातं. म्हणजे पहिल्या सहलीला निघायच्या आधीच तुमची ग्रे टाकी निम्मी भरलेली असते. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर जागा शोधण्याआधी डंप स्टेशनचा रस्ता धरा.